दारांचा तक्ता

"कळलं ना सगळ्यांना?" आर्किटेक्टबाईंनी विचारलं आणि आम्ही आठही जणांनी माना डोलावल्या.

मान डोलवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. डॉक्टर विचारतात, झोप लागते ना? डोलवा. भूक लागते ना? डोलवा. नाही म्हटलं की प्रश्न वाढतात आणि प्रश्न वाढले की गोळ्या वाढतात, हे आम्हाला अनुभवाने पाठ झालेलं. त्यामुळे ती बिचारी तरुण मुलगी अर्धा तास घसा कोरडा करून नवीन इमारत समजावत होती, तेव्हा समोर आठ मुंड्या एका तालात हलत होत्या आणि कळलेलं होतं फक्त एकीला, म्हणजे मला.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. त्याच्या तीन कोपऱ्यांवर मिठाची बरणी, साखरेचा डबा आणि ताईचा मोबाईल, आणि चौथ्यावर पैलवानाचं कोपर. पैलवान हा आमच्यातला सर्वांत काटकुळा माणूस. पंखा जोरात लावला तर तो स्वेटर घालतो. हे नाव त्याला कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं, एवढं नक्की.

आमचं घर म्हणजे मनाच्या आजारातून उठलेल्यांचं घर. दवाखाना नव्हे आणि ज्याला लोक आपलं घर म्हणतात तेही नव्हे, दोहोंच्या मधलं काहीतरी. आठ माणसं, चार खोल्या, एक न्हाणीघर आणि आम्हा सगळ्यांवर देखरेख करायला एक ताई. ताई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण तिला सगळे ताईच म्हणतात आणि मला अक्का. ती जिन्याखालच्या खोलीत राहते. माझ्या खोलीत माझ्याबरोबर मावशी, गेली चौदा वर्षं. घराचं वय विचाराल तर आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त. छताचे पोपडे पडायचे, जिन्याची तिसरी पायरी चुकवून चढायची आणि सकाळी न्हाणीघरासमोर अशी रांग लागायची की शेवटच्या माणसाची आंघोळ दुपारीच. म्हणून हे पाडून त्याच जागेवर नवीन बांधायचं ठरलं होतं. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, प्रत्येकाला स्वतःचं न्हाणीघर, खाली एक मोठं स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. ऐकून आम्ही इतके खूश झालो की पैलवान दोन दिवस जेवला नाही.

मेख एकच होती. बांधकाम होईपर्यंत ज्या भाड्याच्या घरात राहायचं होतं तिथे खाटा सहा आणि आम्ही आठ. उरलेल्या दोघांना 'तेवढ्यापुरतं' मोठ्या दवाखान्यात ठेवायचं होतं आणि ते दोघं कोण हे डॉक्टर ठरवणार होते. ज्यांची तब्येत डळमळीत, ते. आता, हे 'तेवढ्यापुरतं' काय असतं ते मावशीला विचारा. तिला तिच्या भावाने तेवढ्यापुरतं दवाखान्यात ठेवलं होतं आणि ती तिथून बाहेर पडली ती अकरा वर्षांनी.

तर नकाशा. मी आजारी पडण्याआधी सरकारी कचेरीत नकाशा विभागात ट्रेसर होते. साहेबांनी काढलेला नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईने जसाच्या तसा उतरवायचा, हे काम. सात वर्षं केलं. साहेबांच्या टेबलापलीकडे उभं राहून नकाशा उलटा वाचायची सवय झाली होती, ती अजून गेलेली नाही. आर्किटेक्टबाई रंगीत कांडीने खोल्या दाखवत होत्या आणि माझे डोळे गेले होते कागदाच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे बारीक अक्षरांत दारांचा तक्ता असतो. कुठलं दार किती मिलिमीटरचं, कशाचं, त्याला काय काय बसवायचं, ते त्यात लिहितात. दा-१ मुख्य दार. दा-२ न्हाणीघराचं. दा-३ खोल्यांचं: लाकडी, नऊशे बाय एकवीसशे, आणि पुढे, 'डोळ्याच्या उंचीवर पारदर्शक काच, दोनशे बाय सहाशे'.

मी तो मजकूर दोनदा वाचला. मग मीही मान डोलावली, सवयीने. आर्किटेक्टबाईंनी नकाशा गुंडाळला, नळकांड्यात घातला आणि जाताना भिंतीवर लावायला एक रंगीत चित्र देऊन गेल्या. चित्रात नवीन इमारत, झाडं आणि दारातून आत-बाहेर करणारी हसरी माणसं. सगळी तिशीतली आणि सगळी घाईत. आमच्यासारखं त्यात कोणी दिसत नव्हतं.

दुपारी भांडी विसळताना मी ताईला सांगितलं की खोल्यांच्या दारांना काचा आहेत, बाहेरून आत बघायला.

ताईने नळ बंद केला. हात पुसले. माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "अक्का, सकाळची गोळी घेतलीस ना?"

तिला मी दोष देत नाही. माझा आजार काय होता ते तुम्हालाही सांगून टाकते, म्हणजे तुम्हीही देणार नाही. एकोणतिसाव्या वर्षी माझी पक्की खात्री झाली होती की समोरच्या घरातले लोक मला बघतात. खिडकीतून बघतात, दाराच्या फटीतून बघतात, मी झोपले की विजेच्या बटणाच्या भोकातून बघतात. मी कुलपाच्या भोकात आधी कागद कोंबला, मग कापूस, मग मेण ओतलं. कचेरीतला ट्रेसिंग पेपर आणून सगळ्या खिडक्यांना चिकटवला. शेवटी आईने शेजाऱ्यांना बोलावून दार फोडलं आणि मला बाहेर काढलं. मला बघणाऱ्याच लोकांना बोलावलं, असं मी तिला त्या दिवशी म्हणाले. आईला ते फार लागलं होतं. तर अशी मी, आणि मीच सांगतेय की नवीन घरात दारांतून लोक आपल्याकडे बघणार. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचंदेखील लोकांनी दोनदा ऐकलं होतं.

ताई मला भिंतीवरच्या चित्रासमोर घेऊन गेली. "दाखव बरं, कुठेय काच?" चित्रात दारं बोटाएवढी होती आणि त्यांना काच नव्हती. मी म्हटलं, ती तक्त्यात आहे. ताईने विचारलं, कुठला तक्ता? तक्ता नळकांड्यातून निघून गेला होता.

गुरुवारी डॉक्टर आले. चांगला माणूस, पण घड्याळाकडे बघत बोलतो. ताईने त्यांच्या कानावर घातलेलं दिसलं, कारण नेहमीचे झोप-भूक झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ही काच कधीपासून दिसते आहे?"

मी म्हटलं, सोमवारी साडेअकरापासून. त्यांनी ते लिहून घेतलं. आणि अर्धी गोळी वाढवली.

इथे तुम्ही म्हणाल की मी चिडले असेन. चिडले नाही हो, घाबरले. कारण एकोणतिसाव्या वर्षी मला जे दिसत होतं तेही असंच स्पष्ट होतं, अगदी मापासकट. दोनशे बाय सहाशे. कोणी सांगावं, माझं डोकंच तक्ता लिहीत असेल. पंचवीस वर्षं झाली तरी आमच्यासारख्यांना स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. कोणी हाक मारली तरी आधी आजूबाजूच्या माणसांचे चेहरे बघायचे, त्यांनी वळून पाहिलं तरच ओ द्यायची.

मावशीला मी सगळं सांगितलं. मावशी बोलायला महाग, पण सल्ला द्यायची वेळ आली की देते. ती म्हणाली, "गप्प बस. यादी लागायचीय अजून. काच तर काच, डोक्यावर छप्पर तर आहे ना?" मग थोडा वेळ घड्या घालत बसली आणि म्हणाली, "दवाखान्यात होती दाराला काच. भिंतीकडे तोंड करून झोपायचं. होते सवय."

मावशी आजही भिंतीकडे तोंड करून झोपते. चौदा वर्षं मी तिची पाठच बघत आले आणि मला वाटायचं, कूस आवडीची असेल. त्या दिवशी मला कळलं.

गप्प बसणं शहाणपणाचं होतं, हे मलाही कळत होतं. एकदा का डॉक्टरांनी 'डळमळीत' लिहिलं की मी दवाखान्यात, आणि मग खोली कसली आणि दार कसलं. पण काच नको होती त्याहून जास्त मला दुसरंच काहीतरी हवं होतं. मी वाचलं ते खरंच तिथे लिहिलेलं होतं का, हे मला जाणून घ्यायचं होतं. ते कळल्याशिवाय मला कुठल्याही घरात चैन पडली नसती.

शुक्रवारी सकाळी छताचा एक मोठा पोपडा पडला, पैलवानाच्या ताटात. तो ओरडला, सगळे हसले आणि मी तो पोपडा उचलला. चांगला खडूसारखा उठत होता. घरामागे फरशी घातलेलं मोठं अंगण आहे, कपडे वाळत घालायचं. मी मावशीकडून शिवणकामाचा टेप घेतला, दीड मीटरचा. कपड्यांची दोरी सोडली, तिला तीन, चार आणि पाच हात अशा अंतरांनी गाठी मारल्या आणि तिचा त्रिकोण ताणून पहिला काटकोन धरला, मग ती पुन्हा जागेवर बांधली. हे आम्हाला कचेरीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलं होतं, काटकोन बघायचा गुण्या नसला तर काम अडायला नको म्हणून.

मग मी नकाशा काढायला बसले. बसले म्हणजे रांगायला लागले. कागदावरचा नव्हे, खराखुरा, एकास एक. मला वाटलं होतं, आठवणार नाही. पण ट्रेसरला नकाशा डोक्यात आठवत नाही, हातात आठवतो. भिंत सुरू झाली की ती कुठे थांबायची ते हातालाच माहीत असतं. जिना, पॅसेज, डावीकडे चार खोल्या, उजवीकडे चार, टोकाला ताईची. प्रत्येक दाराचा पाव गोल काढला, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायला, आणि प्रत्येक पाव गोलात लिहिलं: दा-३.

पहिल्या दिवशी ताई खिडकीतून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच जिन्याखालचा एक पोपडा आणून दिला. मी कामात आहे म्हणजे बरी आहे, असा तिचा हिशेब असावा. तिसऱ्या दिवशी लोक राहायलाच आले. पैलवानाने आपल्या खोलीत खुर्ची आणून ठेवली आणि शेजारच्याचा पाय रेघेवर पडला म्हणून भांडण काढलं. मावशी आपल्या खोलीत मधोमध उभी राहिली, चारी भिंतींकडे बघून आली आणि मला विचारलं, "एवढी सगळी माझी?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग रात्री घोरू कोणासाठी?" आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. लोक भिंतीतून जायचे नाहीत, बरं का. पाऊल टाकायचे ते दारातूनच, वळसा घालून. ताईसुद्धा कपडे काढायला जिना उतरल्यासारखी पॅसेजमधूनच जायला लागली.

पुढच्या सोमवारी आर्किटेक्टबाई शेवटच्या सह्या घ्यायला आल्या. डॉक्टरही आले होते, ती दोघांची यादी घेऊन. आम्ही सगळे अंगणातच होतो, आपापल्या खोल्यांत. बाई मागच्या दारातून बाहेर आल्या आणि तिथेच थबकल्या. पर्स खाली ठेवली, पिशवीतून पोलादी टेप काढला आणि मावशीची खोली मोजली. मग पैलवानाची. मग पॅसेज.

"हे कोणी काढलं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोटं दाखवली, तशी आम्हाला एकमेकांकडे बोटं दाखवायचीही सवय आहे. बाई म्हणाल्या, दोन बोटांपलीकडे कुठे फरक नाही. आणि त्यांनी खाली वाकून दारातली अक्षरं वाचली.

बोलावं की नाही, अजूनही ठरत नव्हतं. डॉक्टरांच्या हातात कागद होता आणि मावशी मला डोळ्यांनी दटावत होती. पण त्या अक्षरांसमोर बाई आपणहून वाकल्या होत्या, यापेक्षा बरी वेळ येणार नव्हती.

मी म्हटलं, "दा-३ म्हणजे काय, ते एकदा मोठ्याने वाचून दाखवाल का? सगळ्यांसमोर."

बाईंनी नळकांडं उघडलं. नकाशा पैलवानाच्या खुर्चीवर पसरला, कोपऱ्यात बोट ठेवलं आणि वाचलं. "लाकडी दार. नऊशे बाय एकवीसशे. डोळ्याच्या उंचीवर पारदर्शक काच, दोनशे बाय सहाशे."

मी खाली बसले, माझ्याच खोलीत, फरशीवर. आणि रडले. काच आहे म्हणून नाही. होती म्हणून. होती तिथे, जिथे मी वाचली होती तिथेच, तेवढ्याच मापाची. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी एकटीने काहीतरी बघितलं होतं आणि ते खरं निघालं होतं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

आर्किटेक्टबाईंचा चेहरा पडला होता. त्यांनी पुन्हा पुन्हा तक्ता बघितला आणि कबूल केलं की चूक त्यांचीच. याआधी त्यांनी एका रुग्णालयाचा विभाग केला होता, तिथला दारांचा तक्ता जसाच्या तसा इथे उतरला. नक्कल करताना कोणी वाचलंच नाही. माझ्या हाताखालून असा तक्ता गेला असता तर साहेबांनी मला खिडकीतून बाहेर फेकलं असतं, पण ते मी बोलले नाही. मुलगी गुणी होती. तिथल्या तिथे पेन काढून ती ओळ खोडायला निघाली.

"राहू द्या की ती काच," ताई म्हणाली.

ती टोकाच्या खोलीत होती, तिच्या स्वतःच्या, खुर्ची टाकून बसलेली. सगळे तिच्याकडे वळले. ताई सहसा असं बोलत नाही. तिने मग सांगितलं, आणि जुन्या लोकांना ते माहीतच होतं. दहा वर्षांपूर्वी वरच्या खोलीतल्या एकाने आतून कडी लावून घेतली होती. सकाळी दार फोडलं ते ताईने, खांद्याने. तो वाचला नाही. त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या तिने स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. "तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे डोकवायची?" ती म्हणाली. "पण एक नजर टाकली की जीव भांड्यात पडतो. राहू द्या."

तिचं खोटं नव्हतं. डॉक्टरांनीही मान डोलावली, आमच्यासारखी. बाईंचं पेन वरच्या वर थांबलं. आणि मला जे दिसत होतं ते मी म्हणाले, भांडायला म्हणून नाही, ट्रेसरला चूक दिसली की ती सांगावीच लागते म्हणून.

"ताई, तुझंही दार दा-३ च आहे."

ताईने खाली बघितलं. तिच्या पायांशी पाव गोल होता आणि त्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं. तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी कागद बघून हो म्हटलं, नऊच्या नऊ दारं एकाच प्रकारची होती.

"माझ्या?" ताई म्हणाली. "माझ्या दाराला कशाला काच?"

आणि मग आमचा पैलवान उठला. आपल्या दारातून बाहेर पडला, पॅसेजमधून चालत ताईच्या दारापाशी गेला, दोन्ही तळहात डोळ्यांच्या बाजूंना लावले आणि वाकून, अगदी काचेला नाक टेकवल्यासारखा, आत ताईकडे बघत उभा राहिला. नुसता बघत राहिला.

हशा पिकला. डॉक्टरसुद्धा हसले. ताईही हसली, पैलवानाला म्हणाली, हो तिकडे मेल्या. पण तो हलेना आणि हसता हसता तिचा हात आपोआप गळ्याशी गेला, वरचं बटण लागलंय का बघायला. मग तिचं हसू गेलं. ती तशीच बसून राहिली, गळ्याशी हात धरून, आणि सगळ्यांच्या खोल्यांवरून तिची नजर फिरली.

"ज्याचं जळतं त्याला कळतं," मावशी म्हणाली. टोमणा म्हणून नाही. आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तशी म्हणाली.

ताई म्हणाली, "मग मी काय करू? एखाद्या दिवशी कोणी उघडलंच नाही तर?" ती कोणा एकाला विचारत नव्हती, पण उत्तर सगळ्यांनी मिळून दिलं. पैलवान काही म्हणाला, मावशी काही, डॉक्टरांनी घड्याळाकडे न बघता दहा मिनिटं घातली, आणि ठरलं असं की दार भरीव लाकडाचं, कडी आतून प्रत्येकाच्या हातात, आणि बाहेरून उघडणारी एक किल्ली ताईकडे, वेळप्रसंगासाठी. ताईच्या दाराचंही तसंच, फक्त तिची बाहेरची किल्ली कोणाकडे ठेवायची यावर वाद झाला. शेवटी ती मावशीकडे आली. मावशीने ती लगेच रुमालात बांधायची तयारी केली, दार अजून दीड वर्ष लांब होतं तरी.

बाईंनी तक्ता दुरुस्त केला आणि दुरुस्तीखाली सही माझी घेतली. जायच्या आधी डॉक्टर माझ्याजवळ आले, म्हणाले, ती अर्धी गोळी कमी करू. चुकलो, असं काही ते म्हणाले नाहीत, पण गोळ्यांच्या भाषेत ते तेच होतं, आणि ती भाषा मला चांगली येते.

यादीचं म्हणाल तर ती फाडावी लागली नाही, पण दवाखान्यातही कोणाला जावं लागलं नाही. आमच्यातला एक जण बहिणीकडे गेला, तेवढ्यापुरता. सातव्याची खाट ताईने भाड्याच्या घरातल्या जेवणाच्या खोलीत घातली, आणि दीड वर्ष आम्ही जेवताना पैलवानाला पाय उचलायला सांगायचो. बहिणीकडे गेलेला परत आला नाही. तिकडे तो भाच्यांना शाळेत सोडतो म्हणे, तब्येतही सुधारली आहे. त्याच्या खोलीत आता दुसरा माणूस आहे, चांगला आहे. तरी जेवायला बसलो की मी अजून जुन्या हिशेबानेच माणसं मोजते आणि एक कमी भरतो.

नवीन घरात येऊन आज दुसरा दिवस. भिंतींना अजून रंगाचा वास आहे. पलीकडे मावशी आहे, भिंत जाड असल्याने तिचं घोरणं ऐकू येत नाही आणि पहिल्या रात्री मला त्यामुळेच झोप लागली नाही. तिलाही लागली नाही, असं ती म्हणाली. मग पहाटे आम्ही दोघी खाली जाऊन चहा पीत बसलो. हळूहळू होईल.

सकाळी आठ वाजता मी खाटेवर बसले होते. काही करत नव्हते. दार लावलेलं होतं, कडी घातलेली होती. आणि बाहेरून कोणीतरी ते वाजवलं. हलकेच, दोन बोटांनी.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही की हे माझ्यासाठी आहे. कड्या काढल्या तेव्हापासून माझं दार कोणी वाजवलं नव्हतं. वाजवायचं कशाला, ढकललं की उघडायचं. अशा वेळी काय म्हणतात तेही मला चटकन सुचेना.

"कोण?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं. ताईच्या चपलांचा आवाज मी झोपेतही ओळखेन.

"मी, ताई. गोळ्या आणल्यात. येऊ का आत?"

"थांब जरा," मी म्हणाले.

काम काहीच नव्हतं. केस विंचरून झाले होते, चादरीची घडी घालून झाली होती, लपवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मी तशीच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, त्या लाकडाकडे बघत. ताईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो आणि त्यात माझ्या दाराची आहे. बाहेर ट्रेमधले पाण्याचे पेले एकमेकांना लागल्याचा आवाज आला. तिने ट्रे या हातातून त्या हातात घेतला असणार. पण किल्ली काही वाजली नाही.